मेश्रामभाऊंचं कार्थेज

बहरीनच्या हूरा विभागातल्या तमाम मराठी, मल्याळी, हैदराबादी आणि इतर रहिवाशांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे, की कार्थेज शहरातून रोमन लोक निघून गेले आहेत.

ही घोषणा पहिल्यांदा झाली ती आमच्या व्हिलाच्या सामाईक स्वयंपाकघरात, एका शुक्रवारी सकाळी, मी पोहे परतत असताना. घोषणा करणारे गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकून आणि तोंडात ब्रश धरून उभे होते. त्यामुळे रोमन साम्राज्याचा शेवट जरा फेसाळच झाला.

“वहिनी, रोमन गेले.”

मला वाटलं, वरच्या मजल्यावरच्या कोणाचा तरी व्हिसा संपला. म्हटलं, “कोण हो? तो गोव्याचा?”

“कार्थेजचे! पूर्ण शहर सोडून गेले. केवढाली घरं होती एकेकाची! आणि मागे राहिलेले लोक पाहा, काय हाल करून राहिले त्या घरांचे.”

“कधी गेले?”

“झाली असतील दीड हजार वर्षं.”

“मग तोंड धुऊन घ्या. पोहे गार होतील.”

हे आमचे मेश्रामभाऊ. मूळचे नागपूरचे. मी ज्या ऑफिसात रिसेप्शनला बसते तिथेच ते ड्राफ्ट्समन आहेत. ऑफिस अदलिया भागात; दुकानांची आणि ऑफिसांची आतली सजावट करून देणारी आमची कंपनी. म्हणजे दिवसभर मेश्रामभाऊ लोकांच्या हॉलमध्ये भिंती कुठे घालायच्या ते काढायचे, आणि संध्याकाळी हूऱ्याला येऊन, कोणीतरी हॉलमध्ये घातलेल्या भिंतींच्या मध्ये झोपायचे.

आमचा व्हिला एके काळी एकाच कुटुंबाचा होता. मालक अबू खलील मुलाबाळांना घेऊन रिफाच्या नव्या व्हिलात राहायला गेले आणि मागे या घराच्या खोल्या झाल्या, खोल्यांच्या अर्ध्या खोल्या झाल्या, आणि जिन्याखाली एका सायकलीऐवजी एक माणूस राहू लागला. पाहुण्यांना बसवायची जी ऐसपैस मजलिस होती, तिचा खिडकीकडचा भाग आम्हा नवराबायकोला मिळाला आणि दाराकडचा मेश्रामभाऊंना. मध्ये भिंत. तिला भिंत म्हणायचं ते केवळ आदरापोटी. प्लायवर पांढरा रंग मारला होता, आणि वरचं टोक छताला पोचलंच नव्हतं.

या भिंतीविषयी मेश्रामभाऊंची तक्रार रोजची होती. “काय भिंत आहे का ही? सगळं ऐकू येते, वहिनी. मला तुमच्या घरातलं काहीएक ऐकायचं नसते.” आणि हे सांगून झालं की विचारायचे, “मग डॉक्टर काय म्हणाले दादांच्या गुडघ्याला?”

एकदा मी आईशी फोनवर बोलत होते. आई विचारत होती, मावशीच्या जावेचं माहेर कुठलं गं? मला काही केल्या आठवेना. इतक्यात पलीकडून आवाज, “देवरुख!” मी फोनवर सांगितलं देवरुख. आई म्हणाली, बरोब्बर. मेश्रामभाऊंनी देवरुख आजतागायत पाहिलेलं नाही.

आमचे हे एसी मेकॅनिक. दिवसभर लोकांच्या गच्चीवर उन्हात उभे राहून लोकांना गारवा देतात, आणि घरी आले की दोन-तीन शब्दांत दिवस आटपतात. ते शिंकले की पलीकडून सूचना यायची, “दादा, एसीचा फिल्टर धुवा!” एसी मेकॅनिकला हे ऐकवणारा माणूस साऱ्या बहरीनमध्ये दुसरा नसेल. हे उठून मुकाट्याने फिल्टर धुवायचे.

तर मग कार्थेज कुठून आलं? आमच्या ऑफिसात सल्मा नावाची ट्युनिशियाची इंजिनिअर होती. चहाच्या वेळी मेश्रामभाऊंनी तिला आपला हमखास प्रश्न केला: “मॅडम, तुमच्या गावाला काय आहे?” अकोल्याच्या माणसाने कापूस सांगितला असता, रत्नागिरीच्या माणसाने हापूस. सल्मा म्हणाली, “आमच्या घरामागे कार्थेज आहे.” आणि तिने त्यांना एका घराची ड्रॉइंग पाठवली. जमीन खणून काढलेलं घर. एकाच घराची, तीन काळांतली तीन ड्रॉइंग.

पहिल्यात रोमन घर. मधोमध चौक, चौकाला खांब, एका बाजूला मोठा दिवाणखाना आणि त्याच्या जमिनीवर रंगीत खड्यांचा मोर. दुसऱ्यात खांबांच्या मधल्या जागा विटांनी बुजवलेल्या. तिसऱ्यात भिंतीच भिंती. दिवाणखान्याचे तुकडे, चौकात जनावरं, रस्त्यावर पुढे आलेलं दुकान, आणि जिथेतिथे चुली. वर लिहिलेलं: फेज वन, फेज टू, फेज थ्री.

झालं. त्या दिवसापासून मेश्रामभाऊंना जगात तीनच गोष्टी दिसू लागल्या. नवी गाडी घेतलेला माणूस फेज वन. तिचे हप्ते भरणारा फेज टू. “आणि आपण, वहिनी, फेज थ्री!” ऑफिसात साहेबांचं टक्कल पुढे सरकलं, तेही फेज थ्री. हूऱ्यातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान निघालं, की हे रस्त्यातच थांबायचे. “पाहा! खांब बुजवले. मी म्हटलं होतं ना?” अबू खलील भाड्यासाठी आले की त्यांना सलाम करून, ते गेल्यावर मला हळूच सांगायचे, “रोमन येऊन गेले.”

पण खरा राग त्यांना मोरावरून होता. तिसऱ्या ड्रॉइंगमध्ये त्या मोराच्या नेमक्या डोक्यावर एक चूल होती.

“मोराच्या डोक्यावर चूल, वहिनी! काहून? बाजूला जागा नव्हती का? कोण लोक असतील हे!”

“भूक लागलेले असतील,” मी म्हणायचे.

“भूक मलाही लागते. मी मोरावर स्वयंपाक करतो काय?”

ते करत होते. आमच्या मजलिसच्या फरशीवर हिरवी-तांबडी वेलबुट्टी होती, आणि तिच्या ऐन फुलावर मेश्रामभाऊंचा विजेचा कुकर ठेवलेला असायचा. हे मी त्यांना दाखवून दिलं, तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे समोर बोलले नाहीत. भिंतीतून चालू होतं.

आता त्यांच्या हातून झालेला घोळ सांगायला हवा.

ड्राफ्ट्समन लोकांत ‘ॲज-बिल्ट’ नावाचं एक ड्रॉइंग असतं. काय बांधायचं ठरलं होतं ते नव्हे, तर प्रत्यक्षात काय बांधून बसलात, त्याचं. मेश्रामभाऊ म्हणायचे, ॲज-बिल्टमध्ये खोटं बोलायचं नसते. तिथे खोटं बोलला तो ड्राफ्ट्समन नाही. कार्थेजच्या नादाने त्यांनी आमच्या व्हिलाचंही ॲज-बिल्ट काढलं. जुन्या भिंती काळ्या, नव्या घातलेल्या लाल. वर ठळक अक्षरांत फेज थ्री.

एके दिवशी एक सरकारी तपासनीस आले. शांत, सभ्य माणूस, हातात फाइल. जिन्याखाली राहणारा हैदराबादचा सलीम पुढे झाला. घरात अशा भिंती घालायला बंदी, म्हणून असल्या वेळी काय बोलायचं ते आमच्यात ठरलेलं होतं. सलीम हसत म्हणाला, “सर, सब एक फॅमिली. ऑल ब्रदर्स. पार्टिशन मफी!”

मफी म्हणजे इथल्या अरबीत ‘नाही’. एका बाजूला मल्याळी, दुसऱ्या बाजूला आम्ही, वर जिन्यात दोन बिहारी. ऑल ब्रदर्स. तपासनीस बिचारे मान डोलवत होते. इतक्यात मेश्रामभाऊ बाहेर आले.

“पार्टिशन मफी?” त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं भीतीने. कसली भीती! अपमान झाला होता त्यांच्या धंद्याचा. “सर, वन मिनिट.” आत गेले, आणि ते ड्रॉइंग आणून त्यांनी तपासनिसांच्या हातात ठेवलं. “सर, ब्लॅक इज ओरिजिनल. रेड इज पार्टिशन. ऑल डायमेन्शन्स गिव्हन.”

तपासनिसांनी ते उलटसुलट करून पाहिलं. इतकं स्वच्छ काम त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नसावं. “व्हेरी गुड,” ते म्हणाले. मेश्रामभाऊ लाजले.

तपासनीस गेल्यावर सलीमने डोक्याला हात लावला. “क्या किया मियाँ आपने? पूरे घर का जनाज़ा खुद नाप के दे दिए!”

“मग काय खोटं सांगू? भिंत आहे तर आहे.”

“खलास,” सलीम म्हणाला आणि जिन्याखाली जाऊन पडला.

महिन्याभरात घर रिकामं करायचं ठरलं. खरं तर अबू खलीलना तो व्हिला विकायचाच होता, तिथे पुढेमागे उंच इमारत उभी राहणारच होती, आणि मेश्रामभाऊंनी काहीच केलं नसतं तरी आम्हाला फार तर पुढचा हिवाळा तिथे मिळाला असता. पण लोकांना धरायला एक माणूस लागतो. स्वयंपाकघरात मेश्रामभाऊ आले की भांड्यांचा आवाज वाढायचा.

घर बदलणं आखातातल्या माणसाला नवं नाही. आमच्या पलंगाखाली टीव्हीचं रिकामं खोकं कायम घडी करून ठेवलेलं असतं. ते फेकायचं नसतं, हे इथे आल्या आल्या शिकवतात. पण या वेळी मला खरोखर कंटाळा आला. चाळिशी उलटली की खोकं उघडताना पाठ बोलते. हे कामावरून आले की मी चिकटपट्टी फाडत बसलेली असायचे, आणि दोघंही खोक्यांच्या मधेच ताटं मांडून जेवायचो. बाहेर अशी दमट हवा, की बांधलेलं खोकंसुद्धा सकाळी मऊ पडलेलं.

मी ह्यांना एकच अट घातली होती. या वेळी अर्धी खोली नको. लहान असू दे, लांब असू दे, भाडं जरा जास्त असू दे, पण मला एक आख्खा हॉल पाहिजे. ज्यात या टोकाला बसून त्या टोकाची भिंत दिसते आणि ती भिंत माझी असते. इतकी वर्षं मी शिंकसुद्धा पदरात शिंकले होते.

जागा बघायला मेश्रामभाऊ आमच्याबरोबर यायचे. टेप घेऊन. दाराशी एजंट “प्लीज कम” म्हणेपर्यंत हे आत जाऊन, भिंत पोकळ वाजते का ते बोटांनी बघत असायचे. “जिप्सम.” पुढची भिंत. “जिप्सम.” एजंटकडे बघून, “फेज थ्री आहे हे, भाऊ.” एजंट पाकिस्तानी. तो आमच्या ह्यांना विचारायचा, “ये साहब म्युनिसिपॅलिटी से हैं?”

शेवटी हूऱ्यातच, मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीत फ्लॅट मिळाला. मेश्रामभाऊंनी चारही भिंती वाजवल्या. कान लावला. मग हॉलच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, “ब्लॉकच्या भिंती, वहिनी. अखंड हॉल. घेऊन टाका, विचार करू नका. हा हॉल कोणाला तोडू देऊ नका.”

“आणि तुमचं काय?” मी विचारलं.

“होईल ना. इंशाल्ला.”

त्यांचंच काही होत नव्हतं. त्यांनी स्वतःसाठी पाहिलेली प्रत्येक जागा त्यांनी नापास केली होती. एका ठिकाणी खिडकी बाथरूममध्ये उघडते, दुसऱ्या ठिकाणी खोलीच्या कोनात गडबड आहे. सामान बांधताना मी सहज म्हटलं, “अहो, झाली की इतकी वर्षं. आता नागपूरला जाऊन राहा आपल्या घरी. स्वतः ड्रॉइंग काढून बांधलंय ना?”

मेश्रामभाऊ हसले. “बाप्पा, मागच्या रजेत गेलो होतो ना. त्याचंही ॲज-बिल्ट करून आलो. हॉलमध्ये भिंत आली. अर्ध्यात पोराचे क्लासेस चालतात, कॉमर्सचे. आमची खोली होती, मंदा होती तोवर... तिथे आता क्लासची बाकं. मी सोफ्यावर झोपलो. सकाळी डोळे उघडले तर समोर सात-आठ पोरं वह्या घेऊन उभी. एक पोरगी म्हणते, अंकल, आज टेस्ट आहे का?”

मंदा म्हणजे त्यांची बायको. ती गेली तेव्हा त्यांना तिकीट मिळेपर्यंत सगळं आटपलं होतं, एवढं मला माहीत होतं. हे सांगतानाही ते त्या पोरीची नक्कल करून हसत होते. पलीकडे आमचे हे खोक्याला दोरी बांधत होते. त्यांनी गाठ सोडून पुन्हा बांधली.

शेवटी कंपनीनेच सोय केली. अदलियात ऑफिसच्या मागे एक खोली रिकामी होती. पक्क्या भिंती, स्वतंत्र बाथरूम, वर खाली कोणी नाही. शेजारी एक कॅफे, तोही संध्याकाळी उघडणारा. मेश्रामभाऊंची छाती फुगली. “फेज वन, वहिनी! एकटा मालक. टाचणी पडली तरी आवाज माझाच.” व्हिलातून निघताना सलीमने त्यांना मिठी मारली आणि म्हणाला, “यल्ला मियाँ, अब उधर का नक्शा मत बनाना.”

पहिल्या शुक्रवारी ते आमच्या नव्या घरी आले. कारण? बाथरूमच्या फरशीचा उतार बघायला. पाणी ओतून पाहिलं, उतार ठीक होता. जेवूनच गेले. दुसऱ्या शुक्रवारी खिडकीच्या चौकटीत फट आहे अशी त्यांना शंका आली. तिसऱ्या शुक्रवारी टेप इथेच राहिला म्हणून आले. टेप त्यांच्या खिशाला लटकत होता. ह्यांनी तो पाहिला, मी पाहिला. ह्यांनी ताट वाढायला सांगितलं. त्यांचे त्या दिवशीचे शब्द त्यातच संपले.

ऑफिसात मी विचारायचे, “कशी आहे हो खोली?”

“एक नंबर. शांत.” मग जाता जाता वळून, “दादा अजून शिंकतात का?”

एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले, हातात ते कार्थेजचं तिसरं ड्रॉइंग. कागद घड्यांवर विरला होता. म्हणाले, “वहिनी, इतके दिवस मी हे चूक वाचून राहिलो होतो.”

“आता काय झालं? रोमन परत आले?”

“ह्या चुली पाहा. ही मोरावरची. आणि भिंतीच्या पलीकडे ही दुसऱ्या बिऱ्हाडाची. पाठीला पाठ. ही इथे, ती नेमकी तिथेच. सगळ्या घरात तसंच आहे. खोलीत बाकी जागा होती ना, कोपरे रिकामे होते. तरी चूल तिथेच मांडली. काहून?”

“धूर जायला सोय असेल.”

“असेल,” ते म्हणाले. “पुस्तकवाले तेच म्हणतील.” पण कागद त्यांनी उचलला नाही. त्या दोन चुलींच्या मधल्या रेघेवर बोट ठेवून उभे राहिले. “ही भिंत गरम राहत असेल, वहिनी. दोन्ही बाजूंनी. अलीकडची उठली का, पलीकडचीला समजत असेल.”

फोन वाजला म्हणून मी उचलला. ठेवेपर्यंत ते गेले होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी मात्र मीच त्यांना बोलावलं होतं. हॉलला पडदे शिवायचे होते, माप हवं होतं. खरं तर पडदेवाला स्वतः येऊन माप घेतो, फुकट. पण मी बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, येताना केळी आणली. ह्यांनी टेपचं एक टोक धरलं, मेश्रामभाऊ दुसरं घेऊन निघाले. मी भिंतीला टेकून माझा आख्खा हॉल बघत उभी होते. दुपारचं ऊन फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पसरलं होतं, कुठे अडत नव्हतं. महिनाभर मी रोज ते बघायला जरा वेळ काढायचे.

खिडकी संपली. माप झालं. पण मेश्रामभाऊ थांबले नाहीत. टेप ओढत खिडकीच्या पुढे गेले, वळले, आणि हॉलच्या मधोमध, दाराच्या रेषेत येऊन उभे राहिले. तिथून त्यांनी छताकडे पाहिलं. मग जमिनीकडे. ओठ हलत होते, मनातल्या मनात मापं चालली असावीत. ह्यांनी टोक सोडलं नाही. मी विचारलं, “काय हो, पडदा तिकडे कुठे?”

मेश्रामभाऊ दचकले. टेप हातातून सुटला आणि सर्रकन ह्यांच्याकडे गेला. कानापर्यंत लाल झालेला तो माणूस माझ्याकडे न बघता एका दमात बोलून गेला:

“वहिनी, इथं एक भिंत टाकू का? पातळच टाकतो, आवाज येईल अशी!”